ध्यान, योगवर्ग आणि आपला विहार

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेले भाषण. समितीच्या आग्रहावरून जसे बोलले गेले तसेच, थोडीफार काटछाट करून येथे देत आहोत.)



वर्धापन दिनाला विहाराचा इतिहास सांगायची पद्धत आहे. तो समितीने अहवालात सांगितलाच आहे. शिवाय विटा कोणी वाहिल्या आणि सिमेंट कोणी उसनं आणलं हे आमच्यापेक्षा समोर बसलेल्या आजींना जास्त ठाऊक आहे. सकाळचा ध्यानवर्ग चालवणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना ‘ध्यानसाधना आणि वस्तीचे जीवन’ असा विषय दिला गेला. विषय ऐकायला शांत वाटतो. पण त्याच्या पोटात एक वाद आहे, आणि तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा त्यावरच बोललेलं बरं.

गोष्ट अशी, की विहाराचं वरचं सभागृह एका योग शिक्षकाने मागितलं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ वर्ग चालेल, शिकणाऱ्यांकडून महिन्याची फी घेतली जाईल आणि विहाराला भाडं मिळेल. भाड्याचा आकडा असा आहे की विजेचं बिल निघून छताची गळतीही दुरुस्त होईल. समितीत काही जण म्हणतात, देऊन टाका. काही म्हणतात, योग आपला नाहीच, तो विहारात नको. अभ्यासिकेतली मुलं म्हणतात, मग आम्ही कुठे बसायचं? आणि मागच्या एका रविवारी वंदना आटोपल्यावर एका ताईंनी आम्हालाच गाठलं. म्हणाल्या, “काहून जी, तुमचं ध्यान अन् त्यांचा योग यात फरक काय आहे? तेही डोळे मिटून श्वास पाहायला लावतात, तुम्हीही लावता. मग ते पैसे घेतात तर घेऊ द्या ना!”

ताईंचा प्रश्न आम्हाला सगळ्यात नेमका वाटला. भाड्याचा हिशोब समिती करेल. पण फरक काय, हे सांगायची जबाबदारी आमची आहे.

पहिली गोष्ट, योग म्हटलं की नाक मुरडायचं कारण नाही. वर्षावासात आपण आषाढ पौर्णिमेपासून ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन करतो. त्यातली सिद्धार्थाच्या शोधाची पानं आठवा. बाबासाहेबांनी तिथे ध्यानमार्गाचे तीन पंथ सांगितले आहेत. एक आनापानसतीचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाचा. दुसरा प्राणायामाचा, ज्यात पूरक, कुंभक आणि रेचक असे श्वासाचे तीन भाग करतात. तिसरा समाधीचा पंथ. सिद्धार्थ आलार कालामाकडे शिकले, उद्दक रामपुत्ताकडे शिकले, आणि मगधात जाऊन श्वास कोंडण्याचा अत्यंत त्रासदायक प्रकारही त्यांनी करून पाहिला. म्हणजे श्वासाकडे पाहणं ही तेव्हाही कोणा एकाची खासगी मालमत्ता नव्हती. सिद्धार्थांनी ते शिकून घेतलं, स्वतःच्या अनुभवावर तपासलं, आणि जगातल्या दुःखाच्या प्रश्नाला एवढ्याने उत्तर मिळत नाही म्हणून ते पुढे निघाले. शिकायला लाज नाही आणि शिकल्यावर तिथेच अडकायचं नाही, असा तो रस्ता आहे.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरचीच आहे, आणि तरुण पोरांना ती सहसा माहीत नसते.

कस्तुरचंद पार्क इथून चालत जाण्याएवढा. आज त्याच्या नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याच दिवशी संघरक्षित नावाचे एक इंग्रज भिक्खू नागपुरात उतरले आणि उतरल्यावर थोड्याच वेळात त्यांना ही बातमी कळली. त्या रात्री कस्तुरचंद पार्कवर शोकसभा झाली. त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की सुमारे लाखभर लोक जमले होते आणि आधीच्या वक्त्यांच्या तोंडून हुंदक्यांमुळे शब्दच फुटत नव्हते. मग ते उभे राहिले. बाबासाहेब गेलेले नाहीत, त्यांचं काम आपल्यात जिवंत आहे आणि ते पुढे न्यायचं आहे, या अर्थाचं ते बोलले. पुढच्या चार दिवसांत त्यांनी नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत चाळीसच्या आसपास सभा घेतल्या. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी त्या थंडीत असल्या सभा ऐकलेल्या असतील.

याच संघरक्षितांचे शिष्य लोकमित्र. तेही इंग्रज. ते भारतात आले ते मुळात योग शिकायला! पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे आसनं शिकायची, असा त्यांचा बेत. अय्यंगारांची संस्था पुण्यात १९७५ साली उघडली होती आणि परदेशातून माणसं तिथे येत होती. पुण्याला जाताना ऑक्टोबर १९७७ मध्ये लोकमित्र वाटेत नागपूरला उतरले, आणि तो दिवस नेमका धम्मदीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनाचा निघाला. दीक्षाभूमीवरचा जनसागर त्यांनी पाहिला, त्यांना मंचावरून बोलायलाही लावलं. आसनं शिकायला निघालेल्या माणसाला नागपूरने वेगळंच काम दिलं. १९७८ साली ते पुण्यात राहायला आले, धम्मवर्ग सुरू झाले, आणि १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण ही संस्था उभी राहिली. २०१० पासून तिला त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणतात. पुण्याच्या दापोडीसारख्या वस्तीत बालवाड्या आणि आरोग्याचं काम निघालं, भाज्याच्या लेण्यांजवळ शिबिरं होऊ लागली. आपल्याकडे कामठी रोडवर नागलोक आहे. तिथली ती चालत्या बुद्धाची मूर्ती पाहायला आपण पाहुण्यांना घेऊन जातोच.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की विहार आणि योगवर्ग यांची वाट एकदा नागपूरच्या स्टेशनावर एकत्र आली होती. तेव्हा काय झालं ते लक्षात घ्या. त्या माणसाने आसनं टाकून दिली नाहीत, पण ती कशाच्या सेवेला लावायची हे त्याला इथे येऊन उमगलं.

आता आपल्यातली जुनी तक्रार. ही तक्रार करणारे लोक आम्हाला मनापासून आवडतात, कारण ते चळवळीतले आहेत, मोर्चात चाललेले आहेत. ते म्हणतात, बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असं सांगितलं. डोळे मिटून बसा असं कुठे सांगितलं? डोळे मिटल्यानं पोट भरते का? नामांतरासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ते काय ध्यान करत बसले होते? आणि पुढे म्हणतात, हे ध्यानवाले सगळं दुःख मनातच आहे असं शिकवतात. मग जातीचं दुःख, बेकारीचं दुःख, मुलीला भाड्याने खोली न मिळण्याचं दुःख, हेही मनातच आहे का?

तक्रार खोटी नाही. असं शिकवणारे लोक आहेत. दुःख फक्त तुझ्या मनात आहे, असं जो पीडित माणसाला सांगतो तो बुद्धाचा धम्म सांगत नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर प्रश्न उभा केला आहे. सगळं जीवनच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या दृष्टीने माणूस माणसाला देतो ते दुःख फार मोठं आहे.

पण म्हणून बाबासाहेबांनी ध्यान बाहेर काढून टाकलं का? अष्टांगिक मार्ग बावीस प्रतिज्ञांत आहे आणि त्या मार्गाचं आठवं अंग सम्यक समाधी आहे. आता बाबासाहेब या शब्दाचा अर्थ काय करतात ते पाहा. ते म्हणतात, नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांत फार फरक आहे. नुसत्या समाधीत मन एकाग्र होतं, आळस, द्वेष, शंका, असल्या अडथळ्यांना तेवढ्यापुरतं बाजूला सारतं. पण तो परिणाम टिकत नाही. उठलं की माणूस पुन्हा होता तसा. सम्यक समाधी मनाला एकाग्र तर करतेच, पण त्या एकाग्रतेत कुशल काय, चांगलं काय, याचा विचार करायची सवय लावते. मनाला कायमचं वळण देते. हे शब्द आमचे आहेत, मूळ मांडणी ग्रंथात आहे, घरी जाऊन वाचा.

बोधिवृक्षाखालचं ध्यानही बाबासाहेबांनी कसं रंगवलं आहे? बसण्याआधी सिद्धार्थ चाळीस दिवस पुरेल एवढं अन्न जमवतात. उपाशीपोटी ज्ञान होत नाही, हे उपवासाच्या अनुभवातून ते शिकले होते. ध्यानाची पहिली पायरी कोणती? तर्क आणि चिकित्सा. त्यापुढे एकाग्रता, मग समता आणि जागरूकता, मग शुद्धी. आणि चार आठवडे ते कशावर मन लावून बसले होते? जगात दुःख आहे, आणि ते दूर करून माणसाला सुखी कसं करायचं, या प्रश्नावर. आम्हाला तर हे वाचताना रात्र रात्र अभ्यास करणारे बाबासाहेबच दिसतात. मोर्चा काढायचा असेल तर आधी कोणीतरी असं बसावं लागते.

म्हणून त्या ताईंना आमचं उत्तर असं, की श्वास एकच आहे. फरक श्वास पाहून झाल्यावर सुरू होतो.

आपल्या वर्गात प्रत्यक्ष काय चालतं ते सांगतो, कारण अजून वर न चढलेले लोकही आज इथे आहेत. काहींना वाटते की तिथे काही गूढ आहे. काही गूढ नाही. पहिली साधना आनापानसती. आरामात बसायचं, पाठ सरळ. श्वास बाहेर गेला की मनात एक, पुढचा गेला की दोन, असं दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. थोड्या वेळाने मोजणी श्वास आत येण्याच्या आधी करायची. मग मोजणी सोडून द्यायची. शेवटी नाकपुडीपाशी श्वास जिथे लागतो तेवढ्याच जागेवर लक्ष. मन पळते. कुकरच्या शिट्ट्यांकडे पळते, पोराच्या फीकडे पळते, सदरच्या रस्त्यावरच्या हॉर्नकडे तर हमखास. पळालं की रागवायचं नाही, परत आणायचं. पहिल्या आठवड्यात कोणी दहापर्यंत पोहोचत नाही. चार-पाचपर्यंत गेलं तरी पुष्कळ.

दुसरी मैत्री भावना. हिच्या पाच पायऱ्या आहेत. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग मित्राचं. मग अशा माणसाचं, ज्याच्याशी आपलं ना प्रेम ना वैर. दूधवाला घ्या, ऑटोवाला घ्या, राशन दुकानात रांगेत पुढे उभी असते ती बाई घ्या. मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं. आणि शेवटी या चौघांचं सारखंच, आणि तिथून पसरत सगळ्या प्राण्यांचं.

चौथी पायरी आली की सभागृहात चुळबूळ सुरू होते! खोकला येतो, पाय अवघडतात. कारण चौथा माणूस बहुतेक वेळा भिंतीपलीकडेच राहतो. नळाच्या पाण्यावरून, नालीवरून, गाडी कुठे लावली यावरून अबोला धरलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत, आणि ती सगळी जयभीमवालीच आहेत. एक ताई पहिल्या महिन्यात आम्हाला म्हणाल्या, “बाकी सगळ्यांचं भलं चिंतीन, तिचं नाही चिंतत.” आम्ही म्हटलं, नका चिंतू, नुसतं तिचं नाव मनात आणून बसा. दोन-तीन महिन्यांनी भिंतीपलीकडच्या त्या बाई स्वतः वर्गाला आल्या. समझोता झाला असं आम्ही म्हणणार नाही. नालीचा प्रश्न महानगरपालिकेकडे दोघींनी मिळून अर्ज दिला तेव्हा सुटला. पण अर्जावर दोन सह्या होत्या.

आम्हाला फरक दिसतो तो इथे. फी भरून चालणाऱ्या वर्गातही माणसाला झोप चांगली लागते, कंबर मोकळी होते, मन हलकं होते. यात खोटं काही नाही. पण तिथे शेजारच्या चटईवर कोण आहे हे माहीत असायची गरज नसते. इथे शेजारच्या चटईवर तुमची नणंद असते, तुमच्याकडे उधारी असलेला दुकानदार असतो, समितीच्या निवडणुकीत तुमच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस असतो. बाबासाहेब म्हणतात ते मनाचं वळण खरंच लागलं का, याची परीक्षा जिना उतरतानाच होते.

तरीही एक गोष्ट योगवर्गाकडून आपण खुशाल घ्यावी. बसणं हे शरीराने करायचं काम आहे. आपल्या वस्तीत पन्नाशीच्या पुढचे लोक गुडघ्यांनी हैराण आहेत. आयुष्यभर रेल्वेत, गिरणीत, बांधकामावर राबलेली शरीरं आहेत ही. एम्प्रेस मिल, मॉडेल मिल बंद झाल्या, पण तिथल्या उभ्या पाळ्यांनी दुखावलेले पाय अजून घराघरात आहेत. अय्यंगारांच्या पद्धतीत पट्टे, घोंगड्या, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या वापरून ज्याचं शरीर वाकत नाही त्यालाही आसन करता येतं. घडी केलेली सतरंजी कमरेखाली घेतली की पाठ आपोआप सरळ होते, हे आम्ही त्यातूनच उचललं आहे. ध्यानाआधी पंधरा मिनिटं अंग मोकळं करायला शिकवणारं कोणी मिळालं तर उत्तमच. २०१५ पासून २१ जूनला सगळीकडे योग दिवस होतो, त्याचा गाजावाजा कोणाला आवडतो, कोणाला नाही. त्या राजकारणात आम्ही शिरत नाही. आजींच्या गुडघ्याला राजकारण कळत नाही.

आता पैशाचं बोलू. ते टाळून चालणार नाही.

सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरं सुरू केली. १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र चालू आहे. दहा दिवसांचं शिबिर, राहणं, जेवण, शिकवणी, कशालाही फी नाही. ज्याने एक शिबिर पूर्ण केलं त्याच्याकडूनच दान घेतात, पुढच्याला बसता यावं म्हणून. आपल्यातलेही बरेच जण ते करून आले आहेत. त्या पद्धतीबद्दल आपल्यात मतभेद आहेत. काहींना तिथला मौनाचा नियम भावतो. काहींचं म्हणणं असं की दहा दिवस करून आलेला माणूस नंतर घरीच एकटा बसतो, विहाराकडे फिरकत नाही. हे दुसरं आम्हीही पाहिलं आहे, आणि त्याचं आम्हाला वाईट वाटते. पण फी न घेण्याचा नियम मात्र गोएंकाजींनी २०१३ साली जाईपर्यंत सोडला नाही, आणि एवढा मोठा पसारा दानावर उभा राहिला. मग आपल्या एका सभागृहाचं विजेचं बिल दानावर निघू नये?

फी लावली की काय होते ते साधं आहे. पहिली कोण गळते? जिच्या हातात स्वतःचा पैसा नाही ती. सासरी नवीन आलेली सून, धुणीभांडी करणारी बाई, पेन्शन मुलाच्या हातात देणारा म्हातारा. मग गळतो तो बेरोजगार मुलगा, ज्याच्या डोक्यात परीक्षेच्या निकालापासून दिवसरात्र एकच विचार फिरतो आणि ज्याला या सगळ्याची सगळ्यात जास्त गरज आहे. आणि दारू सोडू पाहणारा माणूस तर पैसे भरून येणारच नाही. त्याला हाताला धरून आणावं लागते. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण सगळ्यांनी घेतली आहे, पण ती पाळायला संध्याकाळी सात ते नऊ या वेळात बसायला कुठली जागा आपण त्याला दिली? बार उघडा असतो. विहाराला कुलूप असतं.

तेव्हा सभागृह भाड्याने देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते रिकामं असते, असं म्हणणाऱ्यांशी मात्र आम्ही सहमत आहोत. रिकामं ठेवायचं आणि भाड्यानेही द्यायचं नाही, हा शहाणपणा नाही. आमची सूचना अशी. सकाळचा पहिला तास ध्यानाचा. त्यानंतर दुपारपर्यंत अभ्यासिका. मुलांना पंखा आणि शांतता दोन्ही मिळाली पाहिजे, आणि ध्यानवर्गाने त्यांच्या वेळेत पाच मिनिटंही खाऊ नयेत. दुपारी महिला मंडळ. संध्याकाळी सात ते नऊ दार उघडं, ज्याला बसायचं त्याने बसावं, वाचायचं त्याने वाचावं, नुसतं गप्प राहायचं त्याने गप्प राहावं. आठवड्यातून दोन दिवस तेच योग शिक्षक फी न घेता शिकवायला तयार असतील तर त्यांचं स्वागत करू, त्यांना येण्याजाण्याचा खर्च आणि सन्मानाने दान देऊ. त्यांनाही घर चालवायचं असते, ते नाही म्हणाले तर राग मानायचा नाही. छतासाठी वेगळी पावती पुस्तकं छापू. घरामागे महिन्याला किती, हे समितीने ठरवावं. आमच्या ध्यानवर्गातल्या घरांनी आपला वाटा आधीच कोषाध्यक्षांकडे दिला आहे.

एक अडचण राहते ती आवाजाची. खाली कोणाच्या घरचं नामकरण असते, कधी लग्नाची बोलणी, कधी पुण्यानुमोदन. हे सगळं विहारातच व्हायला पाहिजे, त्यासाठीच तो बांधला आहे. माईकचा आवाज वर येतो, वरचे लोक चिडतात, आणि मैत्री भावना करणारे लोक माईकवाल्यावर ओरडतात हे काही शोभत नाही. आम्ही वर्गात सांगून ठेवलं आहे की आवाज आला तर त्यालाच श्वासासारखं धरा. पुण्यानुमोदन असेल त्या दिवशी मात्र वर्ग बंद ठेवून सगळे खाली येऊन बसतील. कोणाच्या घरचा माणूस गेला असताना वर डोळे मिटून बसलेला वर्ग आम्हाला नको आहे.

समितीची बैठक येत्या रविवारी वंदनेनंतर आहे. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर यावं, भाड्याच्या बाजूने बोलणारे तर आलेच पाहिजेत, कारण गळतं छत आमच्या भाषणाने थांबणार नाही. अभ्यासिकेतून दोन मुलं आणि महिला मंडळातून दोघी जणी बैठकीत असाव्यात अशी आमची समितीला विनंती आहे.

वर्ग उद्यापासून सकाळी साडेपाचला, उन्हाळ्यात पाचला. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत. सतरंज्या धुवायला दिल्या आहेत, म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने घरून एक चादर आणावी. चपला जिन्याखाली काढा, पायऱ्यांवर नको. मागे अंधारात एक काका पडता पडता वाचले.

नमो बुद्धाय. जयभीम.